न येणारी झोप हा हट्ट नव्हे

स्वमग्न मूल रात्री दोन वाजता टक्क जागे असते, तेव्हा आपल्याकडे दोनच स्पष्टीकरणे ऐकू येतात: मूल हट्टी आहे, किंवा आईने त्याला वळण लावलेले नाही. विज्ञानाकडे तिसरे स्पष्टीकरण आहे आणि ते अधिक गांभीर्याने घ्यायला हवे. स्वमग्न मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना झोपेच्या तक्रारी असतात. काही अभ्यासांत हे प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत जाते. इतक्या मुलांच्या पालकांना एकाच वेळी वळण लावता येत नाही, असे मानणे हास्यास्पद आहे.

अंधार पडला की मेंदूतील पिनियल ग्रंथी सेरोटोनिनपासून मेलाटोनिन तयार करते. येल विद्यापीठातील आरोन लर्नर यांनी १९५८ साली ते प्रथम वेगळे केले. त्याला झोपेचे संप्रेरक म्हणतात. खरे तर ती ‘रात्र झाली’ अशी शरीरभर फिरणारी दवंडी आहे. काही स्वमग्न मुलांच्या रक्तात सेरोटोनिन जास्त असते, हे १९६१पासून ठाऊक आहे. सेरोटोनिनचे मेलाटोनिन होताना शेवटची पायरी एएसएमटी हे विकर पार पाडते. त्याच्या जनुकात काही स्वमग्न व्यक्तींमध्ये बदल असल्याचे आणि त्यांच्यात मेलाटोनिन कमी पडत असल्याचे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील गटाने २००८ साली दाखवले. सर्वच मुलांना हे लागू नाही. पण काहींची दवंडी क्षीण असते, हे निश्चित.

या साखळीचा आरंभ आपल्याकडेही तपासला गेला आहे. कोलकात्याच्या मनोविकास केंद्रातील संशोधकांनी भारतीय स्वमग्न मुलांमधील सेरोटोनिन-वाहक जनुकाचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. आता जनुकांच्या पुढे जाऊन प्रत्यक्ष लय मोजायला हवी, असे माझे मत आहे. त्यासाठी दरवेळी सुई टोचावी लागत नाही. मंद प्रकाशात घेतलेली लाळ किंवा सकाळची पहिली लघवी पुरते.

हे काम कोलकात्यात व्हावे, याला आणखी एक कारण आहे. जैविक घड्याळ जुळते ते प्रकाशाशी, भिंतीवरच्या काट्यांशी नव्हे. कोलकात्याचा सूर्य भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे २३ मिनिटे पुढे चालतो; १९४८पर्यंत त्या शहराची वेळही वेगळीच होती. डिसेंबरात तेथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, मुंबईत सहानंतर. म्हणजे कोलकात्याच्या मुलाची संध्याकाळ दिव्यांच्या उजेडात अधिक लांबते. दुर्गापूजेच्या दिवसांत तर रोषणाई आणि ढाकाचे ठोके मध्यरात्रही ओलांडतात. ज्याची अंतर्गत खूण आधीच क्षीण, त्याच्यावर या उजेडाचा किती परिणाम होतो, हा प्रश्न दोन्ही शहरांत एकाच पद्धतीने तपासण्याजोगा आहे.

मग मेलाटोनिनची गोळीच का देऊ नये? २०१७ साली १२५ मुलांवरील चाचणीत औषध सावकाश सोडणाऱ्या गोळ्यांनी, पालकांच्या नोंदींनुसार, झोप सरासरी ५७ मिनिटांनी वाढली. खोट्या गोळीने केवळ ९ मिनिटांनी. हा फरक मोठा आहे. मात्र त्याच वर्षी कॅनडात ३१ उत्पादने तपासली, तेव्हा प्रत्यक्ष मात्रा लेबलपेक्षा कुठे ८३ टक्के कमी, तर कुठे ४७८ टक्के जास्त आढळली. चाचणीतले औषध आणि दुकानातली गोड गोळी एक नव्हेत. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरोलॉजीची २०२०ची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात: आधी अन्य आजार तपासा, झोपेच्या सवयी सुधारा, मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली मेलाटोनिन.

आपल्या दवाखान्यांत बोलणे, नजर, वर्तन यांची चौकशी होते. झोपेची बहुधा शेवटी, जाता जाता. ती पहिल्याच भेटीत व्हावी आणि पालकांकडून दोन आठवड्यांची झोपेची नोंदवही मागावी. खर्च एका वहीचा. पण त्यातून मुलाच्या घड्याळाची खरी वेळ कळेल आणि आईवरचा आरोपही मिटेल.