दाराशी बांधलेली घंटा
कुत्रं बाहेर जायचं असलं की सांगत असतंच: दाराशी घुटमळतं, जमीन हुंगत गोल फिरतं. आपल्याच लक्षात येत नाही. म्हणून दाराच्या कडीला, त्याच्या नाकाच्या उंचीवर छोटी पितळी घंटा बांधावी (सुटं घुंगरू नको, पिल्लं गिळतात). बाहेर नेताना दर वेळी तिला नाक लावायला शिकवायचं, ती वाजली की लगेच दार उघडायचं आणि शू झाल्यावर खाऊ तिथेच द्यायचा. घरी आल्यावर दिलेला खाऊ कशाबद्दल, हे त्याला उमगत नाही. 3 महिन्यांचं पिल्लू जेमतेम 3 तास थांबू शकतं, तेव्हा रात्री 2 वाजता घंटा वाजली तरी उठावं. आणि चुकलं म्हणून त्याचं नाक फरशीवर घासणं मला क्रूर वाटतं. त्यातून ते फक्त सोफ्यामागे लपून शू करायला शिकतं.