मोतीबिंदू आणि डोळ्यातील पहारेकरी

कच्च्या अंड्याचा बलक सोडून उरलेला भाग पारदर्शक असतो. अंडे उकडले की तो पांढराफटक होतो. उष्णतेने त्यातील प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि ती एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे बनतात. मोतीबिंदूत डोळ्याच्या भिंगात बरेचसे असेच घडते, फक्त अगदी सावकाश.

नवल वाटायला हवे ते मोतीबिंदू होण्याचे नव्हे, तर इतकी वर्षे न होण्याचे. प्रकाशाला अडथळा नको म्हणून भिंगाच्या गाभ्यातील पेशींचे केंद्रक नाहीसे झालेले असते. त्यामुळे तेथे नवे प्रथिन तयार होत नाही. आजोबा नातवाकडे ज्या भिंगातून पाहतात, त्याच्या गाभ्यातील प्रथिने आजोबा स्वतः आईच्या पोटात होते तेव्हाची असतात!

ती सांभाळते अल्फा क्रिस्टलिन. त्याचा एक जनुक, सीआरवायएए, 21 व्या गुणसूत्रावर आहे, तर त्याच्या जोडीदाराचा 11 व्या. पूर्वी हे प्रथिन म्हणजे भिंगातील नुसती भर समजली जाई. 1992 साली अमेरिकेतील जोसेफ हॉरविट्झ यांनी दाखवून दिले की, ज्या प्रथिनांची घडी विस्कटू लागली आहे त्यांना ते धरून ठेवते, गोळा होऊ देत नाही. मात्र एकदा धरले की ते स्वतःही अडकते. मध्यम वयापर्यंत गाभ्यातील मोकळा साठा जवळजवळ संपतो. मधुमेह, धूम्रपान आणि प्रखर ऊन नुकसानीत भर घालतात.

मग थेंबांनी मोतीबिंदू विरघळेल का? 2015 मध्ये लॅनोस्टेरॉल या द्रव्याने कुत्र्यांची भिंगे काहीशी स्वच्छ झाल्याची बातमी आली, पण 2019 मध्ये माणसांच्या काढलेल्या भिंगांवर त्याचा परिणाम दिसला नाही. तेव्हा अशा थेंबांच्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. उपाय शस्त्रक्रियाच.

कधी पहारेकरीच सदोष जन्मतो. या प्रथिनातील 173 अमिनो आम्लांपैकी 116 व्या जागी आर्जिनिनऐवजी सिस्टीन आले, एवढ्यानेच एका घराण्यात मुले मोतीबिंदू घेऊनच जन्मत होती, हे 1998 मध्ये कळले. हा दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही. तरी आपल्याकडे ‘गर्भारपणी ग्रहण पाहिलेस’ म्हणून सुनेलाच बोल लावला जातो! गर्भारपणातील रुबेलासारखी इतर कारणेही असतात, पण ग्रहण त्यात नाही. बाळाच्या बुबुळाच्या मध्यभागी पांढरे दिसले तर ‘मोठे झाल्यावर पाहू’ म्हणू नका. दाट मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांतच व्हावी लागते. उशीर झाला तर भिंग काढूनही मेंदू नीट पाहायला शिकत नाही.