तळघरातले जनरेटर

आमच्या पामला पाहुणा आला की चहा व्हायच्या आत विचारतो, "इथून अणुभट्टी किती लांब?" आम्ही समुद्राच्या बाजूला हात दाखवतो आणि साखर किती ते विचारतो. 2011 नंतर मात्र या प्रश्नाला एक शेपूट जोडलं गेलंय, "जपानसारखं झालं तर?"

प्रश्न रास्त आहे. पण विचारणाऱ्याच्या डोळ्यासमोर टीव्हीवरचा स्फोट असतो, आणि माझ्या मते 2011 सालातून आपण शिकायची गोष्ट त्या स्फोटात नाहीच.

आधी नातं सांगतो. तारापूरचे पहिले दोन संच 1969 चे, जनरल इलेक्ट्रिकच्या डिझाइनचे, उकळत्या पाण्याच्या जातीचे. फुकुशिमा दाइइचीचा पहिला संच 1971 चा, त्याच घराण्यातला. म्हणजे आपला तारापूर थोरला!

11 मार्च 2011 ला दुपारी 9.0 तीव्रतेचा भूकंप झाला. चालू असलेल्या भट्ट्या आपोआप बंद पडल्या, बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर सुरू झाले. इथपर्यंत सगळं टेस्ट केसप्रमाणे. साधारण पन्नास मिनिटांनी मोठी लाट आली आणि बहुतेक जनरेटर होते तळघरात. बॅकअप एक नव्हता, अनेक होते, पण बुडाले एकाच पाण्यात. (सर्व्हर आणि त्याचा बॅकअप एकाच रॅकमध्ये ठेवणाऱ्यांनी हसू नये.) भट्टी बंद केली तरी इंधन तापत राहतं, आणि ते थंड ठेवायला पाणी फिरवणारी वीजच उरली नाही.

गंमत म्हणजे ओनागावाचं अणुकेंद्र भूकंपाच्या केंद्राला याहून जवळ होतं. ते जवळपास 15 मीटर उंचीवर बांधलेलं, म्हणून तगलं. आजूबाजूच्या गावकऱ्यांनी तर तिथेच आसरा घेतला. त्यामुळे "अणुऊर्जा वाईट" असा सरसकट निकाल मी देणार नाही. तारापूरलाही 2005-06 मध्ये जुन्या संचांसाठी जास्त क्षमतेचे डिझेल जनरेटर बसवले, म्हणजे फुकुशिमाच्या आधीच. श्रेय द्यायलाच हवं. आणि "आपल्याकडे कुठली त्सुनामी" म्हणणाऱ्यांसाठी: 28 नोव्हेंबर 1945 ला मकरानच्या किनाऱ्यावरून निघालेल्या लाटेने मुंबईतही माणसं मेली होती.

पण मला झोप येऊ देत नाही ती नामिए गावाची गोष्ट. तिथले लोक घरं सोडून निघाले आणि बरेचसे वायव्येला त्सुशिमा भागात जाऊन थांबले. किरणोत्सर्गही वाऱ्याबरोबर तिकडेच गेला. वारा कुठे नेईल याचा अंदाज बांधणारी संगणकप्रणाली सरकारकडे होती. डेटा होता, फक्त ज्यांना हवा होता त्यांच्यापर्यंत पोचला नाही.

आता आपलं बघा. आपल्याकडे आणीबाणीचं नियोजन केंद्रापासून 16 किलोमीटरपर्यंत करतात. तारापूर, चिंचणी, पाम, बोईसर सगळे त्यात आले. पावसाळ्यात वारा समुद्रावरून आमच्या अंगावर येतो, थंडीत पहाटे उलटा, जमिनीवरून समुद्राकडे. म्हणजे पळायची एकच ठरलेली दिशा असूच शकत नाही. त्यात एमआयडीसीच्या शिफ्ट सुटतात तेव्हा बोईसरचा रस्ता कसा होतो ते मी सांगायला नको.

मी आमच्या आळीत सहज विचारून पाहिलं. भोंगा वाजला तर दारंखिडक्या लावून आत बसायचं की निघायचं? निघायचं तर कुठे? दोन घरांत एकसारखं उत्तर मिळालं नाही. एका काकूंनी तर उलट मलाच विचारलं, "भोंगा कंपनीचा की भट्टीचा, ते कसं कळायचं रे?"

काकूंच्या या प्रश्नाचं उत्तर एका कागदावर मावतं. भोंगा कसा ओळखायचा, आधी घरात का थांबायचं, आयोडीनच्या गोळ्या कुठे मिळतील, वारा असा असेल तर कुठल्या रस्त्याने निघायचं. मराठीत छापा, हिंदीतही छापा, कारण चाळींतून राहणारे निम्मे कामगार बाहेरचे. घरपट्टीच्या बिलासोबत वाटलं तरी चालेल. ते बिल मात्र एकही घर न चुकता पोचतं.