कतीरा विकताना बिलावर झाडाचे नाव लिहा

आम्ही कापडवाले डिंकाला छपाईचा माल म्हणून ओळखतो. रंग दाट व्हावा म्हणून गवारीचा डिंक लागतो. तो मळकट निघाला तर फार तर एखादा ताका बिघडतो. दवेच्या डिंकाला हा हिशेब लावणे मात्र गैर आहे.

युनानी हकीम गोळी बांधायला समग-ए-अरबी, म्हणजे बाभळीच्या जातीचा डिंक घेतात. आजच्या कारखान्यांतही तो भुकटी धरून ठेवतो, तेल आणि पाणी एकजीव ठेवतो. कतीऱ्याचे काम वेगळे. पाण्यात न विरघळणारी दवा बाटलीत तरंगती राहावी म्हणून तो घालतात. त्याचा दाटपणा कमी पडला की दवा तळाशी बसते. मग पहिल्या चमच्यात नुसते पाणी आणि शेवटच्या चमच्यात सगळा ऐवज. आजारी लेकराला असा चमचा गेला तर काय होईल, हे व्यापारी बंधूंनीच पाहावे.

बाजारात कतीरा या एका नावाखाली दोन माल चालतात. एक इराणच्या काटेरी झुडपाचा, दुसरा आपल्या जंगलातील कांडोळाचा. कांडोळाचा डिंक हलका आहे असे माझे म्हणणे नाही. तो पाण्यात कितीतरी पट फुगतो आणि पचत नाही, म्हणून पोट साफ करण्याच्या दवेत जातो. दातांची कवळी चिकटवायलाही तो लागतो. पण भुकटी करून दमट गोदामात ठेवला की त्याचा दाटपणा घटतो आणि सिरक्यासारखा वास सुटतो. पोते उघडताच नाकाला कळते, तरी आपण ते पुढे ढकलतो!

आंध्रात विशाखापट्टणमचे गिरिजन सहकारी महामंडळ आदिवासींकडून हा डिंक प्रतवारी लावून घेते. जंगलात झालेली निवड दुकानात एका ढिगात घालण्यात कसली तिजारत? बाभळीच्या डिंकात स्टार्च मिसळणाऱ्यांना तर आयोडीनचा एक थेंब उघडे पाडतो. माल निळा होतो.

बिलावर नुसते ‘कतीरा’ न लिहिता इराणी की कांडोळ, सबंध की भुकटी, आवक कोणत्या महिन्याची, एवढे लिहावे. पावसाळ्यात भुकटी मागणीपुरतीच करावी. दवेचा कारखानदार माल तपासूनच घेतो, आणि परत आलेल्या पोत्याचे जाण्या-येण्याचे भाडे आपल्याच वहीत पडते.