जुना कॅमेरा घेताना

गेल्या काही वर्षांत जुन्या फिल्म-कॅमेऱ्यांना पुन्हा भाव आला आहे. शहरांतल्या उपाहारगृहांत ते काचेच्या कपाटात मांडलेले दिसतात, लग्नाआधीच्या हौशी छायाचित्रांत नवरदेवाच्या गळ्यात दिसतात, आणि पुष्कळदा त्यांत रीळ नसते. या हौसेविरुद्ध आमची तक्रार नाही. आम्ही स्वतः तिच्यात सापडलेलो आहोत. तक्रार आहे ती आपण हे कॅमेरे ज्या रीतीने विकत घेतो त्या रीतीविषयी, आणि तिची सुरुवात आमच्यापासूनच करावी लागते.

अंबाजोगाईत साहित्य शिकवणारे आम्ही तिघे. शेजारच्या तालुक्याच्या गावी एक बंद पडलेला फोटो स्टुडिओ होता. मालक वारले होते, मुलाला त्या जागी मोबाइलचे दुकान काढायचे होते. कपाटात ‘फेड-२’ हा सोविएत बनावटीचा रेंजफाइंडर कॅमेरा आहे असे कळल्यावर आम्ही तिकडे तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला किंमत विचारली, दुसऱ्या खेपेला ती पाडून मागितली, तिसऱ्या खेपेला तीन हजार रुपये मोजून कॅमेरा घेतला. पहिल्या दोन्ही वेळी माळ्यावर निगेटिव्हची खोकी रचलेली होती. आम्ही ती पाहिली होती. तिसऱ्या वेळी माळा रिकामा होता. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते, त्यामुळे भंगारवाला ती किलोने नेतो. आम्ही हळहळ व्यक्त केली तेव्हा मुलगा अगदी सरळपणे म्हणाला, “सर, तुम्ही तर कॅमेऱ्याचंच विचारत होता.”

त्याच्या सांगण्याप्रमाणे त्या खोक्यांत १९७२ च्या दुष्काळातल्या खडी फोडण्याच्या कामांची चित्रे होती. लग्नाळू मुलींचे उभे फोटो, परीक्षेच्या अर्जांवर चिकटवायचे चेहरे, देवाला जाऊन आलेली कुटुंबे हे तर कोणत्याही तालुक्याच्या स्टुडिओत असायचेच. म्हणजे एका गावाची तीस-चाळीस वर्षे आम्ही डोळ्यांदेखत जाऊ दिली, आणि ती जिच्यामधून पाहिली गेली ती डबी तेवढी घासाघीस करून घरी आणली. हे करणारे आम्ही वर्गात काय शिकवतो? मुकुंदराज आमच्या अंबाजोगाईचे की विदर्भातल्या आंभोऱ्याचे, हा वाद पुरावे अपुरे म्हणून मिटत नाही, असे शिकवतो. दासोपंतांनी कापडावर ‘पंचीकरण’ लिहिले, ती पासोडी जपली गेली हे केवढे भाग्य, असे सांगताना आमचा आवाजही जरा चढतो. लेखणी जपून पोथी रद्दीत घालणाऱ्याला आम्ही काय म्हटले असते ते इथे लिहिण्याची गरज नाही.

असो. कॅमेरा घरी आला, आणि तो साधा निघाला नाही. ‘फेड’ ही अक्षरे म्हणजे फेलिक्स एदमुंदोविच जेर्झिन्स्की, सोविएत गुप्त पोलिसांच्या संस्थापकाची आद्याक्षरे. युक्रेनमधल्या खार्किव्ह शहरात त्याच्या नावाने निराधार मुलांची एक वसाहत १९२७ साली निघाली. तिचे प्रमुख अंतोन माकारेन्को, शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेले आणि स्वतः कादंबरीकार असलेले. याच वसाहतीतल्या मुलांनी जर्मन ‘लायका’ उलगडून त्याची नक्कल केली, आणि १९३४ पासून तिचे रीतसर उत्पादन सुरू झाले. माकारेन्कोंच्या ‘मनोऱ्यांवरील ध्वज’ या कादंबरीमागे हीच वसाहत आहे. आमच्या हातातले ‘फेड-२’ हे मॉडेल मात्र त्यानंतरचे, १९५५ साली बाजारात आलेले. तोवर वसाहतीचा मोठा कारखाना झाला होता. पोलिसाच्या नावाचा, अनाथांच्या हातून घडू लागलेला, नक्कल म्हणून जन्मलेला हा कॅमेरा मराठवाड्यातल्या एका स्टुडिओत लग्ने टिपत होता, याची गंमत वाटते. २०२२ पासून खार्किव्हवर रशियाचे हल्ले होत आहेत, हे आठवले की ती गंमत उरत नाही.

नकलेचा विषय निघालाच आहे तर खरेदीदारांना एक सावधगिरीची सूचना. याच फेड आणि झोर्की कॅमेऱ्यांवरची मूळ अक्षरे पुसून वर ‘लायका’ कोरून विकण्याचा धंदा फार जुना आहे. सोनेरी मुलामा, जर्मन सैन्याची चिन्हे, असा सगळा थाट असतो. पोथीच्या शेवटी एखाद्या थोर कवीचे नाव घालणाऱ्या लेखनिकाची जातकुळी हीच. अशा वेळी नावावर न जाता अंगाची घडण पाहावी, हे पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

रेंजफाइंडरमध्ये डोळा लेन्समधून पाहत नाही. कॅमेऱ्याच्या दर्शनी भागावर थोड्या अंतराने दोन खिडक्या असतात; दोन्हींतून येणारी प्रतिमा एकाच चौकटीत दिसते, आणि लेन्स फिरवत त्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसवल्या की अंतर जुळते. म्हणूनच लेन्सवरचे झाकण काढायचे राहिले तरी पाहणाऱ्याला सारे जग स्वच्छ दिसत राहते. आमच्या पहिल्या रिळातली चार चित्रे अशी कोरी आली. (तिघांपैकी कोण ते विचारू नये.)

विकत घेताना लेन्स काढून मागचा कापडी पडदा उजेडाकडे धरावा. रबर चढवलेले ते कापड वयाने चिरते, त्याला सुईच्या टोकाएवढी भोके पडतात आणि छापील चित्रात त्यांचे पांढरे ठिपके होतात. लेन्समधून टॉर्च मारून बुरशीचे जाळे आहे का पाहावे. आमच्या कोरड्या हवेत बुरशीपेक्षा धूळच अधिक. एखादी फार दूरची वस्तू धरून दोन प्रतिमा जुळतात का ते तपासावे. आम्ही त्यासाठी परळीला गेलो. औष्णिक वीजकेंद्राच्या चिमणीइतकी सोयीची वस्तू या जिल्ह्यात दुसरी नाही. आमच्या चौकटीत दोन चिमण्या दिसत होत्या, एक खरी आणि तिच्या शेजारी फिकट अशी दुसरी.

दुरुस्तीची कथा थोडक्यात सांगतो. आधी एका मोठ्या शहरातल्या कारागिराकडे कॅमेरा पाठवला. दोन महिन्यांनी तो परत आला तेव्हा वर नवे चकचकीत चामडे होते आणि आत जुनीच भोके. शेवटी काम झाले ते आमच्याच बाजारातल्या एका वृद्ध घड्याळजींकडे. त्यांनी कॅमेरा यापूर्वी उघडलेला नव्हता, तसे त्यांनी आधीच सांगितले. पण स्प्रिंग आणि दातेरी चाके ही त्यांची रोजची भाषा. पूर्वी कोणीतरी शिलाई मशीनचे तेल सोडले होते, ते ओघळून चिकट झाले होते. घड्याळजींनी ते धुऊन काढले, आणि नवे तेल सुईच्या टोकावर येईल तेवढेच, मोजक्या ठिकाणी दिले. लेन्सच्या आट्यांतले मेणासारखे घट्ट झालेले ग्रीस बदलले. पडद्याच्या भोकांवर काळ्या रंगाचा पातळ हात दिला. पडदा नवा बसवावा असे आम्ही सुचवले तेव्हा ते म्हणाले, “चालतोय तोवर चालू द्या, सर. सगळंच नवं घातलं तर जुनं काय राहिलं?” संहितेच्या संपादनावर आम्ही दरवर्षी दोन तास देतो, त्या दोन तासांत इतके नेमके वाक्य आमच्या तोंडून निघालेले नाही. शेवटी अंतरमापीचा स्क्रू किंचित फिरवून दोन चिमण्यांची एक करायला आम्ही पुन्हा परळी गाठली.

या कॅमेऱ्यात बॅटरी नाही आणि प्रकाशमापीही नाही. ४०० वेगाची फिल्म असेल तर आमच्या उन्हात छिद्र सोळावर आणि वेग सेकंदाचा पाचशेवा भाग, एवढे लक्षात ठेवले की पुरते. फिल्म पुढे सरकवून शटर ताणल्याशिवाय वेगाची चकती फिरवायची नाही, हा मात्र सक्त नियम. एका रिळाला हजार रुपयांच्या आगेमागे पडतात, म्हणून बोट जरा विचार करून दाबले जाते. उटीला ‘इंदू’ या नावाने देशी फिल्म तयार होत असे. तो सरकारी कारखाना आता बंद झाला आहे.

आता मूळ मुद्दा. टिपायचे काय आणि कोणासाठी? आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९९-१९०० च्या दुष्काळात औरंगाबाद भागातली चित्रे घेतली. ती आजही पाहायला मिळतात. हाडे मोजता येतील अशी माणसे रांगेने उभी आहेत. त्यांना आज आपण नावाने ओळखत नाही, आणि त्यांच्या घरी त्यातले एखादे चित्र पोचले असेल असे मानायला जागा नाही. तालुक्याच्या स्टुडिओवाल्याचे तसे नव्हते. त्याच्या वहीत नाव असे, आगाऊ पैसे असत, आणि आठ दिवसांनी फोटो गिऱ्हाइकाच्या हातात पडे. कलेच्या इतिहासात दीनदयाळ आहेत, स्टुडिओवाला नाही. आमच्या मते हा हिशेब पुन्हा मांडायला हवा, आणि तो मांडता येईल अशी खोकी अजून कित्येक माळ्यांवर असतील. जुना कॅमेरा शोधत फिरणाऱ्याने आधी त्या खोक्यांची आणि त्या वहीची चौकशी करावी. कॅमेरा त्यानंतर. तो नाहीच मिळाला तरी चालेल.

दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेपाशी आम्ही हा कॅमेरा घेऊन गेलो होतो. नवरा-बायकोच्या जोडीला इथे ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेऊन असे लाखो लोक दरसाल पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ट्रॉलीत संसार भरून बसलेल्या एका बाईंनी आमचे अंतर जुळवणे संपेपर्यंत धीर धरला आणि मग विचारले, “फोटो कधी देणार?” आम्ही गडबडलो. मग त्यांचे नाव, गाव आणि मुकादमाचे नाव वहीत लिहून घेतले. रीळ घरीच धुतले. तीन प्रती काढल्या आहेत. एकीवर डाव्या कोपऱ्यात पडद्याच्या भोकाचा ठिपका आला आहे. कारखान्याचा पट्टा पडून त्या परत येतील तो पाडव्याच्या सुमारास. तोवर पाकीट टेबलाच्या खणात आहे.