तुलनेची चूक कुणाची?

अभ्यासिकेत बसून तुम्ही स्टाफ सिलेक्शनचे पेपर सोडवता. इंग्रजी वाक्याचे तुकडे, चूक शोधा. 'मुंबईची लोकसंख्या पुण्यापेक्षा मोठी' असं इंग्रजीत लिहिलं की मार्क गेला. का? तर म्हणे, तुम्ही लोकसंख्येची तुलना शहराशी केलीत; पुण्याच्या लोकसंख्येशी करायला पाहिजे होती. 'एव्हरीवन'ला 'देअर' जोडलं तर गाइड म्हणतं चूक, 'हिज'च पाहिजे. म्हणजे 'प्रत्येक जण' हा बाप्याच! आमच्या आयाबहिणी प्रत्येकात मोडत नाहीत काय?

हे नियम काय आभाळातून पडले?

अमेरिकेत ऑक्टोबर २००२ मध्ये पीएसएटी झाली. एसएटीच्या आधीची ही परीक्षा, तिच्यावर स्कॉलरशिप ठरते. एक वाक्य टोनी मॉरिसनवर होतं. काळ्या माणसांनी सोसलेल्या अन्यायातून उगवणाऱ्या कादंबऱ्या लिहायचं बळ तिला तिची प्रतिभा देते, अशा अर्थाचं. मंडळाचं उत्तर : चूक नाही. मेरीलँडचा एक शाळामास्तर अडून बसला. म्हणाला, वाक्यात 'मॉरिसनची प्रतिभा' आहे, मॉरिसन हे नाम स्वतंत्र उभंच नाही. मग 'तिला' हे सर्वनाम लागतं कुणाला? तुमच्याच पुस्तकी नियमानं ही चूक. मंडळानं आधी कानावर हात ठेवले. २००३ मध्ये तो प्रश्न रद्द करून गुण पुन्हा मोजावे लागले. आणि भाषेचे जाणकार म्हणाले, वाक्य बरोबरच होतं! १९९३ चं नोबेल घेतलेली बाई, पण वाक्यात ती आहे की नाही यावर पंडितांचं जमेना.

आता मूळ बघा. एसएटी सुरू झाली १९२६ मध्ये. ती रचणाऱ्या कार्ल ब्रिगहॅमनं १९२३ मध्ये पुस्तक लिहून लष्करी चाचण्यांच्या गुणांवर वंशांची उतरंड लावली होती. गोरे नॉर्डिक वर, काळे तळाला. १९३० मध्ये त्यालाच कबूल करावं लागलं की अशा चाचण्यांनी वंशांची तुलना होत नाही, आपला अभ्यास बिनबुडाचा होता. तुलनेची चूक! परीक्षेच्या बापानंच केलेली.

तीच इथं चालू आहे. एकाच्या घरात तीन पिढ्या इंग्रजी. दुसऱ्याच्या घरात पहिलं पुस्तक त्याच्याच हातून आलं. लोकसंख्येची तुलना शहराशी केली म्हणून आमचा मार्क कापता. पोराच्या अकलेची तुलना दुसऱ्याच्या बापानं भरलेल्या फीशी करता, तेव्हा तुमचा मार्क कोण कापणार?

आणि सर्वनामाचा मेळ आम्हाला शिकवू नका. सत्तरीच्या आज्याला पाटलाचं शेंबडं पोर 'तू' म्हणायचं, आणि आजा त्या पोराला 'तुम्ही'. वय जुळत नव्हतं, मान जुळत नव्हता. जात तेवढी बरोबर जुळत होती. त्या वाक्याखाली कुणी लाल रेघ ओढली नाही.

म्हणून व्याकरणावर थुंकू नका. घोका. पास व्हा, खुर्ची घ्या. पण उत्तरतालिका लागली की मान खाली घालून घरी जाऊ नका. उत्तर चुकीचं वाटलं तर मुदतीत हरकत घ्या. हरकतीला पैसे मागतात, एकट्याला झेपत नसेल तर अभ्यासिकेत वर्गणी काढा. एका मास्तरानं मंडळाला वाकवलं. आपण तर टोळीनं आहोत.