चहाच्या खोक्यावरचं रॉक अँड रोल

फ्रेडी मर्क्युरीचं नाव निघालं की पाचगणीची आठवण हमखास काढली जाते. माझगावात तर नेस्बिट रोडवरच्या सेंट मेरीज शाळेचा माजी विद्यार्थी म्हणून झुबिन मेहतांच्या पंगतीला त्यालाही बसवलं जातं. या कौतुकात अभिमान भरपूर, माहिती बेताची. ज्या बँडमधून तो घडला तो महाराष्ट्रात उभा राहिला, आणि तिथे तो मुख्य गायक नव्हता, पियानो वाजवायचा, हे सांगायला फारसं कुणी थांबत नाही.

बँडचं नाव ‘द हेक्टिक्स’, साल १९५८, ठिकाण पाचगणीची सेंट पीटर्स ही निवासी शाळा. फारुख बलसारा हा झांजिबारच्या पारशी घरातला मुलगा आठ वर्षांचा असताना इथे शिकायला आला होता. पुढे आलेल्या दातांमुळे पोरं त्याला ‘बकी’ म्हणत. फ्रेडी हे नावही त्याला या शाळेतच मिळालं. गायला ब्रूस मरे, गिटारवर डेरिक ब्रांच, ड्रमवर नेपाळच्या राणा घराण्यातला व्हिक्टरी. बास होती फरांग इराणीकडे, आणि ही बास म्हणजे चहाचं रिकामं लाकडी खोकं! खोकं पालथं घालायचं, त्यावर काठी उभी धरायची, काठीच्या टोकापासून खोक्याच्या मध्यापर्यंत दोरी ताणायची. काठी मागे ओढली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. ही इंग्लंडातल्या ‘स्किफल’वाल्यांची युक्ती. त्याच सुमारास लिव्हरपूलमध्ये जॉन लेननच्या ‘क्वॉरीमेन’मध्येही असंच खोकं वाजत होतं.

गाणी सगळी उसनी: एल्विस, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, क्लिफ रिचर्ड. (हा क्लिफ रिचर्ड जन्माने लखनौचा.) रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं फारुख पियानोवर लगेच बसवायचा, असं त्याच्या शाळासोबत्यांनी पुढे सांगितलं. त्या काळात रेडिओ म्हणजे तरुणांसाठी रेडिओ सिलोन, आणि त्याला कारण एक मराठी माणूस. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ पासून दहा वर्षं नभोवाणी मंत्री होते. त्यांनी आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला मानाचं पान दिलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण सिनेसंगीताला त्यांनी दार लावलं आणि श्रोते सिलोनकडे वळले. तिथे हिंदी गाण्यांच्या शेजारीच इंग्रजी गाणीही लागत.

म्हणजे नुसती नक्कलच की, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. गुरूच्या गळ्याची नक्कल केल्याशिवाय आपल्याकडे कोणता शागीर्द तयार झाला? आणि ही हवा काही पाचगणीपुरती नव्हती. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी १९५१ च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट या गोवेकर ट्रम्पेटवाल्याला त्याच्या वादकांसह पडद्यावर आणलं आणि १९५७ च्या ‘आशा’मध्ये ‘ईना मीना डीका’ दिलं. हेक्टिक्सच्या आदल्याच वर्षी हिंदी सिनेमातलं रॉक अँड रोल एका मराठी संगीतकाराने वाजवून दाखवलं होतं.

पुढे पोरं पांगली. व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाले आणि सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं नेतृत्व त्यांनी केलं. ब्रांच इंग्लंडमध्ये नट झाले. १९८५ च्या ‘माय ब्यूटिफुल लाँड्रेट’मध्ये ते दिसतात. खोकं वाजवणाऱ्या इराणींनी पुण्यात सिझलरचं हॉटेल चालवलं. फारुख झांजिबारला परतला आणि १९६४ च्या क्रांतीनंतर कुटुंबासह इंग्लंडला गेला. त्यानंतरचं सगळ्यांना पाठ आहे.

या पाचांपैकी एकाचाच पुतळा करून भागणार नाही. मराठीत संगीताचा इतिहास लिहिताना नाट्यसंगीत, लावणी, भावगीत, सिनेगीत अशी वाट ठरलेली असते; चर्चच्या हॉलमध्ये, जिमखान्यात, शाळेच्या स्टेजवर इंग्रजी गाणी वाजवणारी माणसं त्या वाटेवर भेटतच नाहीत. जणू ती इथे राहतच नव्हती! माझगावला आठवण ठेवता येत नाही असंही नाही. म्हातारपाखाडीचे काका बॅप्टिस्टा टिळकांचे सहकारी होते; भंडारवाडा टेकडीवरची बाग आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

मुंबई विद्यापीठात संगीत विभाग आहे. त्याने माझगाव-भायखळ्यातल्या गोवेकर, ईस्ट इंडियन आणि पारशी घरांमधल्या जुन्या वादकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात आणि त्या मराठीतही उतरवाव्यात. शाळांनी आपले जुने वार्षिकांक आणि स्नेहसंमेलनांचे फोटो स्कॅन करून अभ्यासकांना द्यावेत. यातलं कुठलंच काम फार खर्चाचं नाही. मात्र साठच्या दशकात वाजवणारे वादक आज ऐंशीच्या घरात आहेत, तेव्हा मुलाखतींना आधी हात घालावा, फोटोंचं पाठोपाठ करता येईल.